रंग नसलेली विमानं

प्लॅस्टिकचं मॉडेल विमान करणाऱ्याला सर्वांत जड जाणारा रंग कोणता? खरं तर, रंग नसणं. उघडा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा दाखवायचा, आणि तोही रंगाने!

१९४३ पर्यंत अमेरिकेची बहुतेक युद्धविमानं कारखान्यातून शेवाळी रंगातच बाहेर पडत. त्या वर्षाच्या अखेरीस हवाई दलाने बहुतेक विमानं रंगवणं बंद केलं. आकाशात वर्चस्व येत चाललं होतं, लपण्याची निकड कमी झाली होती. शिवाय रंगाचं वजन आणि मजुरीही वाचली. १९४४ मध्ये इंग्लंडच्या धावपट्ट्यांवर चंदेरी विमानं दिसू लागली ती अशी.

आता डबीतला चंदेरी रंग सगळीकडे फासला की मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. कारण खरं विमान एकाच चंदेरी छटेचं नव्हतंच. ड्युरॅल्युमिन हा मजबूत मिश्रधातू जर्मनीत आल्फ्रेड विल्मने १९०६ च्या सुमारास शोधला, पण तो गंजायचा. म्हणून अमेरिकेच्या अल्कोआ कंपनीने १९२० च्या दशकात त्यावर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढवला, तोच अल्क्लॅड. असे निरनिराळे पत्रे शेजारी-शेजारी बसले की प्रत्येकाची झळाळी वेगळी दिसते.

मस्टँग पी-५१ची गंमत तर आणखी वेगळी. हवा पंखावरून सुरळीत वाहावी म्हणून कारखान्यात पंखांवरच्या फटी आणि रिव्हेट लांबी भरून घासत, आणि वर चंदेरी रंग देत. धडाचा पत्रा मात्र उघडाच! सुकाणूवर कापड, त्यावर चंदेरी रोगण. म्हणजे एकाच विमानावर तीन प्रकारची चांदी. धड चमकतं, पंख मंद दिसतात.

हे मॉडेलवर आणायचे दोन मार्ग. एक, स्वयंपाकघरातली पातळ अ‍ॅल्युमिनियम फॉइल. पत्र्यागणिक तुकडे कापायचे, मागून खास डिंक लावून चिकटवायचे, कापसाने घोटायचे. शेजारच्या तुकड्याची दिशा बदलली की छटाही बदलते. दुसरा, एअरब्रशने धातूच्या रंगाचे अगदी विरळ थर, खाली चकचकीत काळा अस्तर. दोन्हींत अट एकच: आधी प्लॅस्टिक बारीक पॉलिश पेपरने पाण्यात घासून गुळगुळीत हवं. एरवी लपणारा ओरखडा चांदीखाली ठळक होतो.

ही अडचण मोठमोठ्या संग्रहालयांनाही चुकलेली नाही. 'शू शू बेबी' हे बी-१७ बॉम्बफेकी विमान मे १९४४ मध्ये जखमी होऊन तटस्थ स्वीडनमध्ये उतरलं, तेव्हा ते उघड्या पत्र्याचं होतं. युद्धानंतर ते प्रवासी विमान झालं, मग फ्रान्समध्ये नकाशांसाठी हवाई छायाचित्रं घेऊ लागलं. १९७८ ते १९८८ अशी दहा वर्षं त्याची डागडुजी चालली. पत्र्याला इतकी ठिगळं लागली की ती झाकायला त्याला शेवाळी रंग दिला गेला. डेटनच्या हवाई दल संग्रहालयात लोकांनी ते पुढची तीस वर्षं त्याच रंगात पाहिलं.

तेव्हा मॉडेलला हात घालण्यापूर्वी संग्रहालयातल्या विमानावर विसंबू नये. त्याच विमानाचं त्याच काळातलं कृष्णधवल छायाचित्र शोधावं. कुठला पत्रा उजळ, कुठला काळवंडलेला, ते त्यात दिसतं. तसंच करावं.