परवलीचा शब्द

१७९५ सालच्या शांततेवरच्या निबंधात कांट म्हणतो, परक्या भूमीवर पाऊल ठेवलं एवढ्यावरून कुणाला शत्रू समजू नये. हा त्या परक्याचा हक्क आहे, यजमानाची मेहेरबानी नव्हे. आता प्रश्न असा, की युद्धाच्या तळावर हे टिकतं का?

स्पेनच्या यादवी युद्धाकडे पाहू. आपल्या मोतिहारीत जन्मलेला जॉर्ज ऑर्वेल डिसेंबर १९३६ मध्ये बार्सिलोनाला पोचला आणि 'पोऊम' या डाव्या पक्षाच्या पथकात दाखल झाला. आरागॉनच्या डोंगरात थंडी, उवा, सरपणाची चणचण. ह्याची स्पॅनिश मोडकीतोडकी. तरी त्याला आपल्यात घेतलं, इतकंच नव्हे, बारा माणसांवरचा नायकही केलं.

तिथे संशय नव्हता असं नाही. रात्री परवलीचा शब्द चुकला तर गोळीच! पण शब्द बरोबर सांगितला की विषय संपला.

२० मे १९३७ ला वेस्काजवळ त्याच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. जूनमध्ये सरकारनं 'पोऊम' बेकायदा ठरवला. काल खंदकात असलेली माणसं फ्रँकोचे हस्तक ठरली. त्याचा सेनानी जॉर्ज कॉप खटल्याविना तुरुंगात गेला. ऑर्वेल बार्सिलोनात लपतछपत राहिला आणि कसाबसा फ्रान्सला निसटला.

शहरातल्या त्या संशयाला परवलीचा शब्दच नव्हता. काय सांगितलं म्हणजे सुटका होईल, हे कुणालाच माहीत नव्हतं. कांटचा हक्क मोडला तो इथे, आघाडीवर नव्हे. आपल्या दारात आलेल्या परक्याला आपण प्रश्न जरूर विचारावा. पण त्याचं उत्तर ऐकायची आपली तयारी आहे का, हेही स्वतःला विचारावं.