प्राग्मा

ग्रीक भाषेत ‘प्रासेइन’ म्हणजे करणे आणि ‘प्राग्मा’ म्हणजे केलेली गोष्ट, काम. व्यवहारी माणसाला इंग्रजीत ‘प्रॅग्मॅटिक’ म्हणतात, तेही याच धातूवरून. संगणकाच्या जगात अल्गोल ६८ या भाषेने ‘प्राग्मॅट’ असे रूप वापरले. पुढे एडा आणि सी या भाषांत ‘प्राग्मा’ रुळला. अर्थ मात्र थोडा सरकला. प्राग्मा म्हणजे आता प्रोग्रॅमचा भाग नव्हे, तर कंपायलरला दिलेली सूचना.

हॅस्केल या भाषेत ही सूचना चक्क टिपणीच्या, म्हणजे कंपायलर वगळतो अशा मजकुराच्या, वेशात येते. तिथे महिरपी कंस आणि आडवी रेघ यांनी टिपणी सुरू होते. त्यापुढे लगेच हॅश चिन्ह आले की तो प्राग्मा. फाइलच्या माथ्यावर अशा कंसात ‘लँग्वेज ओव्हरलोडेडस्ट्रिंग्ज’ लिहिले, की अवतरणचिन्हांतला मजकूर ‘स्ट्रिंग’ऐवजी ‘टेक्स्ट’ प्रकाराचाही धरता येतो. ही सवलत त्या एका फाइलपुरतीच. शिवाय ओळ ‘मॉड्यूल’ शब्दाच्या आधीच हवी. खाली लिहिली तर उपयोग शून्य. ‘लँग्वेज’ प्राग्माला हॅस्केल २०१० च्या प्रमाणग्रंथात जागा मिळाली. न ओळखलेला प्राग्मा कंपायलरने सोडून द्यावा, असा दंडक आहे. टिपणीचा वेश घेण्यातली हुशारी इथे कळते.