समुद्रात तेल सांडलं की प्राण्यांचं नेमकं काय होतं?

तेलगळतीची बातमी आली की तेलानं माखलेल्या पक्ष्याचा फोटो व्हायरल होतो. काही दिवसांनी पाणी स्वच्छ दिसू लागतं आणि विषय संपतो. प्राण्यांसाठी मात्र तो तेव्हा संपलेला नसतो. याचं सर्वाधिक अभ्यासलेलं उदाहरण म्हणजे मेक्सिकोच्या आखातातली 'डीपवॉटर होरायझन' दुर्घटना.

काय घडलं होतं?

२० एप्रिल २०१० रोजी या तेलविहिरीवर स्फोट झाला. ११ कामगारांचा मृत्यू झाला. समुद्रतळातून ८७ दिवस तेल येत राहिलं. अमेरिकी सरकारच्या अंदाजानुसार विहिरीतून सुमारे ४९ लाख बॅरल तेल बाहेर पडलं.

पक्षी का मरतात?

पक्ष्यांच्या पिसांमध्ये हवा अडकलेली असते. तीच त्यांना ऊब देते आणि पाण्यावर तरंगत ठेवते. तेलामुळे पिसं एकमेकांना चिकटतात आणि थंड पाणी थेट कातडीपर्यंत पोहोचतं. पक्षी चोचीनं पिसं साफ करायला जातो, तेव्हा तेल पोटात जातं. त्यामुळे यकृत, मूत्रपिंड आणि रक्तातल्या तांबड्या पेशींवर परिणाम होतो. लुइझियानाचा राज्यपक्षी असलेला तपकिरी पेलिकन २००९ च्या नोव्हेंबरमध्येच धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर आला होता. पाचच महिन्यांत हे संकट आलं.

डॉल्फिन आणि कासवं

डॉल्फिनला श्वास घ्यायला पृष्ठभागावर यावं लागतं आणि तेलाची वाफही तिथेच असते. २०११ मध्ये बॅराटारिया खाडीतल्या डॉल्फिनची तपासणी झाली, तेव्हा अनेकांना फुप्फुसांचे गंभीर आजार आढळले. त्यातल्या १० गाभण माद्यांवर पुढे लक्ष ठेवलं गेलं. फक्त दोघींची पिल्लं जगली.

कोकण किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडलेची जवळची नातेवाईक म्हणजे केम्प्स रिडले. ही कासवं मुख्यतः आखातात वाढतात. पिल्लं थेट तेलात जाऊ नयेत, म्हणून त्या वर्षी वेगवेगळ्या समुद्री कासवांची सुमारे २५,००० अंडी उचलून फ्लोरिडाच्या अटलांटिक बाजूला हलवावी लागली.

तेल 'नाहीसं' होतं का?

काही तेल उडून जातं, काही जिवाणू खातात. या गळतीत तेल फोडण्यासाठी सुमारे ७० लाख लिटर रसायनंही वापरली गेली. त्यामुळे तवंग विरतो, पण तेलाचे बारीक थेंब पाण्यात मिसळतात. तेलातले काही घटक माशांच्या अंड्यांमधल्या भ्रूणांच्या हृदयावर परिणाम करतात. विहिरीपासून ११ किलोमीटरवर, हजार मीटरहून खोल असलेली प्रवाळंही तपकिरी थरानं झाकलेली सापडली.

आपल्याकडे काय?

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल सांडलं आणि खारफुटीपर्यंत पोहोचलं. खारफुटीची वर आलेली मुळं श्वास घेतात. त्यांच्यावर तेलाचा थर बसला की झाड गुदमरतं आणि तिथे वाढणारी मासळी, खेकडे यांचा आसराही जातो. पावसाळ्याच्या सुमारास कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर येणारे तेलाचे काळे गोळे हीसुद्धा तेलगळतीची खूण असू शकते.

तेल लागलेला पक्षी किंवा कासव दिसलं तर घरी धुऊ नका, परत पाण्यातही सोडू नका. वनविभागाला कळवा. धुण्याआधी प्राण्याला ऊब आणि उपचार मिळणं गरजेचं असतं. फोटो त्यानंतर टाकला तरी चालेल.