चांगला न्यायाधीश

व्हिक्टर ह्यूगोचा जाँ वालजाँ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. पाव चोरला आणि आयुष्याची १९ वर्षं तुरुंगात गेली. ती कादंबरी १८६२ची. पुढे १८९८ साली फ्रान्समध्ये तसाच खटला खरोखरच उभा राहिला, पण निकाल उलटा लागला.

पॅरिसच्या पूर्वेला शातो-थिएरी नावाचं छोटं गाव आहे. तिथली लुईझ मेनार ही तरुण बाई. पदरात लहान मूल, घरात आई, हाताला काम नाही. ३६ तास पोटात अन्न नव्हतं. तिने बेकरीतून पाव उचलला. न्यायाधीश पॉल मान्यो यांनी तिला निर्दोष सोडलं. नीट चाललेल्या समाजात एखाद्या आईला तिचा दोष नसताना पाव मिळू नये, हीच खेदाची गोष्ट, असं त्यांनी निकालात लिहिलं. भुकेपुढे माणसाची इच्छाशक्ती चालत नाही, हा त्यांचा आधार.

सरकारी पक्ष अपिलात गेला. वरच्या कोर्टाने सुटका कायम ठेवली, पण मान्योंची कारणं काही स्वीकारली नाहीत. क्लेमांसोंनी वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि 'चांगला न्यायाधीश' हे नाव मान्योंना कायमचं चिकटलं.

पण टीकाही कमी झाली नाही. फ्रान्स्वा जेनींसारखे कायदेपंडित म्हणत, हा माणूस कायद्याने नव्हे, भावनेने न्याय करतो. मला ही टीका हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही. वर्गात एकाला माफ केलं की मागच्या बाकावरून प्रश्न येतोच, "सर, मग मला का नाही?" दया न्यायाधीशाच्या स्वभावावर अवलंबून राहिली, तर शेजारच्या गावातल्या भुकेल्या बाईने काय करायचं? आणि ज्याचा पाव गेला, त्या बेकरीवाल्याचं काय?

मान्यो १९०६मध्ये संसदेत निवडून गेले, नंतर पुन्हा न्यायासनावर बसले आणि १९२६मध्ये वारले. 'निरुपायाने केलेलं कृत्य' ही सवलत फ्रान्सच्या दंडसंहितेत कलम म्हणून आली ती १९९४मध्ये. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी!

मला वाटतं, टीकाकारांच्या प्रश्नाचं खरं उत्तर तेच कलम. एकाची दया सगळ्यांचा नियम झाली, की मागच्या बाकावरच्या मुलालाही उत्तर देता येतं. पण कुणीतरी आधी ती दया दाखवावी लागते, टीका सोसून.

तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.