तंजावरच्या मराठ्यांची छत्रे

तामिळनाडूत कुंभकोणमहून चेन्नईकडे जाणाऱ्या रस्त्यावर चोळपुरम् हे छोटे गाव लागते. कावेरीच्या खोऱ्यातील हा सारा प्रदेश देवळांचा, आणि म्हणूनच यात्रेकरूंचा आहे. कुंभकोणमला दर 12 वर्षांनी महामाहम् हा स्नानोत्सव भरतो. 2004 आणि 2016 या वर्षी तो साजरा झाला. खोऱ्यातून पुढे दक्षिणेकडे रामेश्वरची वाट जाते. आज या वाटांवर लहानमोठी हॉटेले व लॉज आहेत. दोनशे वर्षांपूर्वी मात्र प्रवाशाच्या निवाऱ्याची आणि भोजनाची सोय करणाऱ्या वास्तूला 'छत्र' म्हणत. तमिळ भाषेत तिलाच 'चत्तिरम्' असे म्हणतात. तंजावरच्या मराठा राजांनी बांधलेली छत्रे ही या परंपरेतील सर्वात भव्य वास्तूंपैकी आहेत.

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी तथा एकोजी यांनी 1676 च्या सुमारास तंजावरला भोसले घराण्याचे राज्य स्थापन केले. छत्रे बांधण्याच्या कामाला अठराव्या शतकात विशेष गती आली. 1739 ते 1763 या काळात राज्य करणाऱ्या प्रतापसिंह राजांनी तंजावरच्या पूर्वेस नीडामंगलम् येथे यमुनांबा छत्र उभारले. त्यावरून या गावाला यमुनांबापुरम् असे नाव मिळाले होते. राजघराण्यातील स्त्रियांच्या नावे छत्र बांधण्याची ही प्रथा पुढेही चालू राहिली. गावांचे उत्पन्न छत्रांना लावून दिलेले असल्यामुळे त्यांचा रोजचा खर्च राजाच्या मर्जीवर अवलंबून राहत नसे. या वास्तूंच्या दीर्घायुष्याचे खरे कारण दगड-चुन्यापेक्षा या व्यवस्थेत शोधावे लागते.

तंजावरच्या दक्षिणेस पट्टुक्कोट्टैच्या रस्त्यावर ओरत्तनाडु येथे असलेले मुक्तांबा छत्र या सर्वांत प्रसिद्ध आहे. सरफोजी राजे दुसरे यांनी ते 1802 मध्ये बांधले. मुक्तांबा ही राणी नव्हती, सरफोजींची प्रेयसी होती. आपल्या नावाचे एक छत्र असावे, अशी इच्छा तिने अखेरच्या क्षणी व्यक्त केली आणि राजाने ती पूर्ण केली, असे सांगितले जाते. राजघराण्याच्या अधिकृत वंशावळीत जिला मानाचे स्थान मिळाले नाही, तिचे नाव अशा रीतीने एका गावाला मिळाले. ओरत्तनाडु बराच काळ मुक्तांबापुरम् म्हणूनच ओळखले जाई.

वास्तुकलेच्या दृष्टीने हे छत्र पाहण्यासारखे आहे. इमारतीच्या दगडी भागाला रथाचा आकार देण्यात आला असून हत्ती व घोडे तो ओढत असल्याचे शिल्पकाराने दाखविले आहे. रथाकार मंडपाची कल्पना तमिळ मंदिरांतून घेतलेली आहे. परंतु आतील मोकळे चौक, त्यांच्या भोवतीच्या ओसऱ्या, कोरीव लाकडी खांब आणि मजला यांमुळे मराठी प्रेक्षकाला आपल्याकडील वाड्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. चौकातून उजेड व वारा खेळता राहतो, पावसाचे पाणी मध्यभागी उतरते आणि भर उन्हाळ्यातही ओसरीत गारवा राहतो. दाराबाहेरचा उंच कट्टा, ज्याला तमिळमध्ये 'तिण्णै' म्हणतात, तो रात्री उशिरा आलेल्या वाटसरूसाठीच असे. मंदिर आणि वाडा यांची ही सरमिसळ कोणा एका शैलीच्या चौकटीत बसविण्याचा आग्रह धरू नये हेच बरे.

या छत्रांत काय चालत असे, याची माहिती सरफोजींनी 1801 मध्ये ब्रिटिश रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला लिहिलेल्या पत्रात मिळते. या पत्राला पार्श्वभूमी होती. 1799 च्या तहानुसार राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता आणि छत्रांची गावेही जातील, अशी भीती निर्माण झाली होती. राजाने छत्रांसाठी कळकळीने रदबदली केली. ब्राह्मणापासून तथाकथित अस्पृश्यांपर्यंत सर्व जातींच्या वाटसरूंना, तसेच जोगी, जंगम व बैरागी यांना तेथे अन्न मिळते, असे त्याने कळविले. शिजविलेला भात न घेणाऱ्यांना कोरडा शिधा दिला जाई. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असल्यास यावे, अशी दवंडी देत. प्रत्येक छत्रात वेदांचे अध्यापक, पंतोजी आणि सर्पदंशासह विविध विकारांवर उपचार करणारे वैद्य असत. अनाथ मुलांचे पालन, गर्भवतींची देखभाल, तान्ह्या बाळांसाठी दूध आणि वाटेत मृत्यू आलेल्याचे त्याच्या जातीच्या रिवाजानुसार अंत्यसंस्कार, ही कामेही छत्राकडेच होती. गांधीवादी इतिहासकार धरमपाल यांच्या लेखनामुळे हे पत्र अलीकडच्या काळात अनेकांना परिचित झाले. अर्थात ते आपली बाजू मांडणाऱ्या राजाचे पत्र आहे, हे वाचताना विसरता येत नाही.

1855 मध्ये शिवाजी राजे दुसरे यांचे पुत्राविना निधन झाले आणि कंपनीने राज्य खालसा केले. राणी कामाक्षीबाई यांनी राजघराण्याच्या मालमत्तेसाठी दिलेला लढा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. तथापि, ही शासनाची सार्वभौम कृती असून न्यायालयाला तिच्यात हस्तक्षेप करता येणार नाही, असा निर्णय 1859 मध्ये देण्यात आला. छत्रांची व्यवस्था सरकारकडे गेली आणि पुढे ती जिल्हा मंडळाकडे सोपविण्यात आली.

त्याच सुमारास रेल्वे आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुंभकोणम् व तंजावर लोहमार्गाने जोडले गेले. 1914 मध्ये पांबनचा पूल सुरू झाल्यावर गाडी समुद्र ओलांडून रामेश्वरच्या बेटावर पोहोचली. एकेक मजल करीत पायी जाणारा यात्रेकरूच उरला नाही, तेव्हा मजलेच्या अंतरावर बांधलेल्या छत्रांचे प्रयोजनही संपत गेले. काही इमारतींत शाळा, वसतिगृहे वा सरकारी कार्यालये भरू लागली. वापर थांबलेल्या भागांत चुन्याचा गिलावा सुटणे, कौले सरकणे, लाकूड कुजणे हे ओघाने आलेच.

काही ठिकाणी केवळ नाव उरले आहे. तंजावर जिल्ह्याच्या किनारपट्टीवर सेतुभावाचत्तिरम् नावाचे गाव आहे. तेथून जवळच, नेपोलियनच्या पराभवाप्रीत्यर्थ सरफोजींनी बांधलेला मनोरा नावाचा आठ मजली बुरूज उभा आहे. पर्यटक बुरूज पाहून परततात. गावाच्या नावातील छत्राची चौकशी क्वचितच होते.

तंजावर दरबाराची मोडी लिपीतील कागदपत्रे सरस्वती महाल ग्रंथालयात व तंजावरच्या तमिळ विद्यापीठात जतन करण्यात आली असून छत्रांच्या कारभाराचे तपशीलही त्यांत आहेत. भाषा मराठी, लिपी मोडी आणि मजकुरात जागोजागी तमिळ शब्द, असे या दप्तराचे स्वरूप आहे. त्यामुळे ते वाचण्यासाठी तिन्ही जाणणारा अभ्यासक लागतो.