टाडा कायदा आणि संसदेची देखरेख

दहशतवादी व विघातक कारवाया (प्रतिबंध) अधिनियम, १९८७, म्हणजेच टाडा. रायगड किनाऱ्याशी त्याचा संबंध शेखाडीमुळे जुळला. श्रीवर्धन तालुक्यातील या गावी फेब्रुवारी १९९३ मध्ये आरडीएक्स उतरले. ते वापरून घडवलेल्या १२ मार्चच्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. आरोपींवर टाडा लागला. त्यात जामीन दुरापास्त होता आणि पोलीस अधीक्षकापुढील कबुलीजबाबही पुरावा ठरे.

संसदेच्या हाती खरा लगाम एकच होता, मुदतीचा. दर दोन वर्षांनी मुदतवाढ मागावी लागे आणि १९८९, १९९१, १९९३ मध्ये ती मिळतही गेली. १९९३ च्या दुरुस्तीने मात्र आरोपपत्राविना १८० दिवसांपुढील कोठडीसाठी सरकारी वकिलाचा अहवाल व न्यायालयाची संमती आवश्यक केली. फेब्रुवारी १९९५ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष रंगनाथ मिश्र यांनी खासदारांना पत्र लिहून मुदतवाढीस विरोध केला. मे महिन्यात कायदा संपुष्टात आला. शेखाडीच्या आरोपींना त्याचा लाभ नव्हता. चालू खटले टाडाखालीच राहिले. विशेष न्यायालयाचे निकाल २००६-०७ मध्ये लागले.

पुढील दहशतवादविरोधी कायदा ‘पोटा’ राज्यसभेने फेटाळल्यावर २००२ मध्ये संयुक्त बैठकीत संमत झाला, २००४ मध्ये रद्द झाला. आजच्या ‘यूएपीए’ या दहशतवादविरोधी कायद्याला अशी मुदतच नाही.