जातककथेचे अवयव आणि अंबजातक

पात्र, प्रसंग, संघर्ष व निवेदक ही कथेची मूलतत्त्वे होत, असे शालेय पुस्तकांतून शिकविले जाते. परंतु कथा कोणाला, कोणत्या निमित्ताने आणि कशासाठी सांगितली, हेही कथेचेच अंग आहे, ही जाण पालि जातकांच्या रचनेत स्पष्ट दिसते.

जातकट्ठकथेत ५४७ कथा आहेत. पच्चुप्पन्नवत्थूत कथा सांगण्याचे निमित्त येते, अतीतवत्थूत पूर्वकाळची मूळ कथा. मग गाथा, गाथेतील शब्दांचा अर्थ उलगडणारे वेय्याकरण आणि शेवटी, तेव्हाचा अमुक तो आजचा तमुक, असा मेळ घालणारे समोधान. हे सर्व अवयव एकाच काळचे नाहीत. खुद्दकनिकायात मुख्यतः गाथाच आहेत. गद्य अट्ठकथेचे आहे. भारहुत येथील स्तूपाच्या कठड्यावर इसवी सनापूर्वीच जातके नावांसह कोरली गेली, पण शिल्पकाराने तेथे दाखविली ती अतीतवत्थू.

आमच्या वाचकांना अडचण वाटते ती समोधानाची, आणि ती रास्तच आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्म्याचे संक्रमण स्पष्टपणे नाकारले आहे. म्हणून समोधान टाकूनच द्यावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. ४७४ व्या अंबजातकाकडे पाहावे.

एका चांडाळापाशी अकाली आंबे फळविण्याचा मंत्र असतो. एक ब्राह्मण तरुण त्याच्या घरी पडेल ते काम करून, सेवा करून तो मिळवितो. निरोप देताना गुरू बजावतो की, राजाने विचारले तर माझे नाव लपवू नकोस. लाजून ब्राह्मण गुरूचे नाव सांगशील तर मंत्र जाईल. वाराणसीच्या राजाने विचारताच तरुण तक्षशिलेच्या विख्यात आचार्याचे नाव सांगतो. त्याच क्षणी मंत्र जातो. पुढे राजा आंबे मागतो तेव्हा तो नक्षत्र जुळत नसल्याची सबब सांगतो! (ज्योतिषाची ही ढाल तेव्हाही तयारच होती.) अखेर खरे सांगावे लागते. राजा संतापतो, आणि ज्याच्याकडून ज्ञान मिळाले तो क्षत्रियापासून चांडाळ-पुक्कुसापर्यंत कोणीही असो, शिष्याला तोच श्रेष्ठ, या आशयाची गाथा राजाच्याच तोंडी येते.

संपूर्ण कथानक एका खोट्या उत्तरावर उभे आहे. तरुणाचे ज्ञान उणे नव्हते, सेवेतही त्याने कसूर केली नव्हती. चारचौघांत गुरूची जात सांगण्याची लाज तेवढी त्याला आवरली नाही. तो परत जातो, पण गुरू त्याला पुन्हा मंत्र देत नाही.

आता समोधान. कृतघ्न शिष्य तो देवदत्त, राजा तो आनंद. उरला चांडाळ. तो आपणच होतो, असे तथागत भिक्खुसंघापुढे सांगतात. पुनर्जन्म बाजूला ठेवून हे निवेदकाचे विधान म्हणून वाचले, तर शास्त्याने पूर्वकथेतील पात्रांपैकी स्वतःसाठी निवडलेले स्थान गावाबाहेरच्या त्या घरातले आहे.